कापलेली बाजू

गांधीबागेत, कापडबाजाराच्या तोंडाशी,
बंद दुकानाच्या पायरीवर
मामा फाटक्या नोटा बदलायला बसायचा.
वासुदेव धकाते, गोळीबार चौक.
हातमागाचं लाकूड भट्टीवाल्यानं वजनावर नेलं,
फणी तेवढी मामानं ठेवून घेतली.
कशासाठी, कुणी विचारलं नाही.

तुटला धागा थुंकी लावून सांधायची
बोटांची सवय जुनीच.
आता तीच बोटं नोटेचे दोन तुकडे
पतंगाच्या कागदानं, खळ लावून जोडायची.
कपाळाला कपाळ, चष्म्याला चष्मा,
ओठांशी आली की जरा थांबायची,
कारण हसू केसभर सरकलं
तरी म्हातारा रागावल्यासारखा दिसतो.

गिऱ्हाईक नुसती नोट कधी देत नसे.
उंदरानं कुरतडलेल्या पन्नासासोबत
कुरतडलेली गोष्टही यायची.
"हा फोटो आपल्या टेशनावरचा, मालूम हाय?
गाडी थांबली, कोणंतरी संत्री देल्ली,
म्हणून हासला थो."
"काऊन बे, फोटो कुठचा? चितारलं होय थे.
ज्यानं चितारलं त्याले पुन्हा
पेन्सिल धरू नाई देल्ली सरकारनं."
पाचपावलीचा एक निवृत्त तलाठी तर शपथेवर सांगे,
पहिल्या नोटेवर दुसराच पुढारी होता,
एका रात्रीत साऱ्या नोटा जाळल्या,
एक मात्र सासऱ्याच्या पेटीत आहे.
सासरा वारला. पेटी उघडली.
आत रॉकेलच्या पावत्या, सन लावून, दोऱ्यात ओवलेल्या.
तलाठी पुढल्या आठवड्यात आला
नि म्हणाला, पेटी दुसरी होती.

मामा सगळ्यांना एकच म्हणे:
असन बावा.
आणि नोट उजेडाला धरे.

हे शहर देशाच्या ऐन मधोमध आहे
हेही आम्ही असंच कुणाकडून तरी ऐकलेलं,
दगडाच्या चार घोड्यांपाशी उभं राहून.
फूटपट्टी कुणी लावली नव्हती.

एकदा सुलोचना हेडाऊ आल्या.
शंभराची नोट, चुलीपाशी पडून कोपरा जळालेला.
म्हणाल्या, "मोठ्या फोटोत दोघं होते.
बाजूले माहे बाबूजी. सयंसेवक.
हातात पाण्याचा लोटा.
छापतानी त्याईले कापलं.
नाईतर एवढी कोरी जागा
कोणी उगाच सोडन का?"

मामाला ठाऊक होतं.
बँकेतल्या एका कारकुनानं त्याला सांगितलं होतं,
फोटो खरा आहे, कापलाही आहे,
पण बाजूला कुणी गोरा साहेब होता.

मामानं नोट उन्हात धरली.
कोऱ्या जागेत हळूहळू
एक चेहरा वर आला, पाण्याखालून यावा तसा.
चष्मा होता की नव्हता,
त्या उजेडात सांगणं कठीण.
सुलोचनाबाईंनी पदर डोक्यावर ओढला.
"माय वो," म्हणाल्या. "हाय न मंग."

नोट त्यांनी बदललीच नाही.
जळका कोपरा आत दुमडून
कमरेच्या पिशवीत ठेवली,
आणि मामाचे बोहनीचे पाच रुपये गेले.

मी चिडलो. तेव्हा नववीत होतो,
खरं-खोटं लाल शाईनं ठरायचं.
म्हटलं, सांगायचं होतं ना साहेबाचं.
मामा खळीची वाटी पुसत होता.
"दहाची नोट," म्हणाला,
"अर्ध्याच्या वर शाबूत असली
का बँक पूरे दहा देते.
बाईची गोष्ट मोजून पाह्यली मी."

मग बराच वेळ काही बोलला नाही.
समोरून साड्यांचा हातठेला गेला,
सगळ्या सुरतेच्या.
"अर्ध्याच्या वर होती.
कोणीतरी तं होतंच न उभं तिथं."

आणि बोटाला थुंकी लावून
पुढची नोट उचलली.